कुलूपच नाही त्या गावात लॉकडाऊन!

माहीत आहे का? महाराष्ट्रात असं एक गाव आहे, जिथं घरांना दारं-कुलपं लावायची रीतच नाही. तुम्ही म्हणाल, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. शनिशिंगणापूर, तालुका नेवासा! शंभरपैकी शंभर. पण पुढचं ऐका. 2011 च्या जानेवारीत युको बँकेनं या गावात शाखा उघडली, तीही गावाचा मान राखून, दाराला दिसेल असं कुलूप न लावता. देशातली 'लॉकलेस' शाखा म्हणून तिच्या बातम्या गाजल्या.

मग आला मार्च 2020. देवळं बंद, बाजार बंद, एसटी बंद. ज्या गावाला लॉक माहीत नाही, त्या गावातही लॉकडाऊन! तेल, काळं कापड, रुईच्या पानांच्या माळा विकणाऱ्या दुकानांपुढे एक गिऱ्हाईक फिरकेना. चोराची भीती नसलेल्या गावात धोका शिरला तो भलत्याच वाटेनं.

धंदा म्हटला की धोका आलाच. पण सगळं जग एकाच वेळी शटर ओढून बसतं, तेव्हा धंदा काय करतो? चला, अख्ख्या नगर जिल्ह्याचा फेरफटका मारू. (2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. करोनाच्या दिवसांत पाटीवर अहमदनगर होतं आणि तोंडात नुसतं 'नगर'. आपणही नगरच म्हणू.)

आधी एक रेकॉर्ड! क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, तालुके 14. गोव्यासारखी चार राज्यं यात बसवली तरी वर जागा उरेल. एका टोकाला कळसूबाईचा पाऊस, दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहणारी गावं. अशा जिल्ह्याला एकच नियम लावायचा म्हणजे कसरतच.

उसाचा रस हातावर

आता खरा धमाका. तुमच्या खिशातली सॅनिटायझरची ती छोटी बाटली आठवते? ती उसाच्या फडातून आली असण्याची दाट शक्यता आहे. माहीत होतं?

गणित सोपं आहे. उसाचा रस आटवून साखर काढली की मागे काळी, दाट, चिकट मळी उरते. एक टन उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो. ती आंबवायची, आसवनीत उकळायची, की मिळतं अल्कोहोल. एरवी ते इंधनात मिसळायला किंवा रसायनांच्या कारखान्यांकडे जातं. जागतिक आरोग्य संघटनेची सॅनिटायझरची कृती बघा: इथेनॉल 80 टक्के, थोडं ग्लिसरॉल, चिमूटभर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी. म्हणजे पाचातले चार भाग कारखान्याच्या आवारात आधीपासूनच तयार!

13 मार्च 2020 ला केंद्र सरकारनं मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले. आठच दिवसांत भावाला लगाम घातला, 200 मिलीची बाटली जास्तीत जास्त 100 रुपयांना. पाठोपाठ आसवन्यांना आणि साखर कारखान्यांना सॅनिटायझर बनवायचे परवाने झटपट मिळू लागले. नगर जिल्ह्यात साखर कारखाने वीसच्या आसपास. ज्यांच्याकडे आसवनी होती, त्यांची पावलं लगेच तिकडे वळली. कालपर्यंत पोती भरणारे कारखाने आता बाटल्या भरू लागले!

आणि हे तर कमालच. अगदी त्याच दिवसांत तिकडे फ्रान्समध्ये एलव्हीएमएच या बड्या कंपनीनं आपल्या अत्तराच्या कारखान्यांत सॅनिटायझर बनवायला घेतलं. क्रिस्तियाँ दिओर, गेर्लाँ, जिव्हाँशी... ज्या टाक्यांत हजारो रुपयांचं परफ्यूम भरायचं, त्यांत हात धुवायचं द्रव. पॅरिसचं अत्तर आणि प्रवराकाठची मळी, दोघांच्या मुळाशी एकच अल्कोहोल. संकटानं दोघांना एकाच रांगेत उभं केलं.

एक गोष्ट मला इथं ठासून सांगायचीय. करोनात टिकला तो मोठा धंदा नव्हे. टिकला तो, ज्याच्या मालाला किंवा यंत्राला दुसरा उपयोग होता. ही किल्ली खिशात ठेवा, पुढं जागोजागी लागणार आहे.

जोखीम वाटून घेणारं गाव

माहीत आहे का, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना कुठला? लोणीजवळचा, प्रवरानगरचा. विठ्ठलराव विखे पाटील, सोबत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि 1950 मध्ये पहिला गळीत हंगाम. पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. 1923 मध्ये विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुकमध्ये सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या दारात एकेकट्यानं उभं राहण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पत उभी करायची. एकट्याला न पेलणारी जोखीम शंभर जणांत वाटली की तिचं वजन कमी होतं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात हा धडा रंगीत तक्त्यासह छापतात. लोणीकरांनी तो शंभर वर्षांपूर्वी वहीत लिहिला, अंगठ्यासह.

25 सेकंदांचा फवारा

आता थेट संरक्षण खात्यात उडी! नगरमध्ये डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे, व्हीआरडीई. रणगाडे आणि लष्करी गाड्या हा तिचा विषय. एप्रिल 2020 मध्ये तिनं काय बनवलं असेल? माणसांना निर्जंतुक करणारी केबिन! पायानं पेडल दाबायचं, आत शिरायचं, 25 सेकंद औषधी धुक्याचा फवारा अंगावर घ्यायचा आणि बाहेर. टाक्यांची क्षमता 700 लिटर, एका भरणीत साधारण 650 माणसं पार. गाझियाबादच्या कंपनीनं ही केबिन चार दिवसांत तयार केली म्हणे. चार दिवसांत!

आणि ट्विस्ट? 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सूचना काढली: माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्यानं डोळ्यांना-त्वचेला इजा होऊ शकते आणि विषाणू काही जात नाही. देशभरात गल्लोगल्ली उभे राहिलेले फवारा-बोगदे एका पत्रकानं कालबाह्य झाले. घाईच्या काळात माहिती दर आठवड्याला बदलत होती. चुकीच्या वस्तूत पैसे अडकणं, हाही त्या दिवसांतला एक मोठा धोका होता आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

गाय कुठं लॉकडाऊन पाळते?

कारखाना थांबवता येतो, दुकान थांबवता येतं. गाय थांबते का? सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, अकोले, सगळा दुधाचा पट्टा. आणि इकडे हॉटेलं बंद, मिठाईवाले बंद, चहाच्या टपऱ्या बंद. घरोघरी चहा तेवढाच होत होता, पण बासुंदी-पेढ्यांची मागणी एका रात्रीत गेली.

मग काय केलं? दुधाला पावडर लावली! नाही, उलट, दुधाचीच पावडर केली. राज्य सरकारनं रोज 10 लाख लिटरपर्यंत जादा दूध 25 रुपये लिटरनं घेऊन त्याची भुकटी करायचा निर्णय घेतला. साधारण अकरा-बारा लिटर दुधातून किलोभर भुकटी निघते, वर लोणी मिळतं ते वेगळं. दूध एक दिवस टिकतं, भुकटी वर्षभर. नाशवंत मालाचं टिकाऊ मालात रूपांतर केलं की बाजाराची वाट बघता येते.

पण थांबा, सगळं गोड नाही. सरकारी खरेदीत सगळ्यांचं दूध बसलं नाही. तिशीच्या घरातला भाव कितीतरी गावांत विशीवर घसरला. 2020 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादक रस्त्यावर उतरले, अनुदान मागत. नगर जिल्हा त्यात पुढे होता. याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यानं 2017 मध्ये शेतकरी संपाची हाक दिली होती, हे विसरू नका. चाऱ्याचा खर्च रोजचा, दुधाचा भाव सरकारी बैठकीतला. यात जोखीम कुणाच्या डोक्यावर बसते ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

पहिली एसटी, पहिलं वळण

क्विझ टाइम! महाराष्ट्राची पहिली एसटी कुठून कुठे धावली? पुणे ते नगर. तारीख 1 जून 1948. लाकडी बॉडीची ती गाडी बघायला वाटेवरच्या गावांत माणसं जमली होती.

त्या एसटीनं 72 वर्षांनी काय पाहिलं? मार्च 2020 पासून चाकं थांबली. आंतरजिल्हा वाहतूक पुन्हा सुरू व्हायला 20 ऑगस्ट उजाडला. पाच महिने! हजारो गाड्या आगारांत उभ्या, उत्पन्न शून्याच्या आसपास, पण पगार आणि देखभाल चालूच.

मग एसटीनं सीटच काढल्या! मे 2020 पासून जुन्या बसचं रूपांतर मालगाड्यांत होऊ लागलं आणि लाल परी मालवाहू झाली. माणसं नाहीत? ठीक, आंबे न्या, धान्य न्या, बियाणं न्या. नाव मिळालं 'महाकार्गो'. खिडकीतून हात बाहेर काढू नये ही सूचना उगाच राहिली, कारण आत बसलेल्या पोत्यांना हातच नव्हते!

आठवली ना किल्ली? दुसरा उपयोग. एसटीकडे रस्ते होते, आगारं होती, चालक होते. फक्त आत काय भरायचं तेवढं बदललं.

शिर्डी: श्रद्धा, सबुरी आणि स्लॉट

शिर्डीचं अर्थकारण एका ओळीत सांगतो. गाव एका गर्दीवर जगतं. लॉज, रिक्षा, हार-फुलं, पेढे, मूर्ती, फोटो, पार्किंग, चहा. सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच, साईभक्त. 17 मार्च 2020 ला मंदिर बंद झालं आणि सगळे धंदे एकाच दुपारी थांबले. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पण माहीत आहे का, शिर्डीची सगळ्यात प्रसिद्ध पोथी सुरूच होते एका साथीपासून? 'श्री साईसच्चरित'च्या पहिल्या अध्यायात गोष्ट आहे: साईबाबा जात्यावर गहू दळायला बसले, गावातल्या बाया मदतीला आल्या, आणि दळलेलं पीठ बाबांनी गावाच्या शिवेवर टाकायला सांगितलं. गावात महामारी होती, ती ओसरली, असं पोथी सांगते. हा प्रसंग पाहूनच हेमाडपंतांना, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकरांना, पोथी लिहायची प्रेरणा झाली. शिवेवर आखलेली ती पिठाची रेघ! 2020 मध्ये गावोगावच्या वेशींवर बांबू आणि काटे आडवे पडले, तेव्हा कितीतरी भक्तांना हीच गोष्ट आठवली असणार.

मंदिर चालवणाऱ्या साई संस्थानचं काय? मार्च संपायच्या आत 51 कोटी रुपये मुख्यमंत्री सहायता निधीला देण्याचा निर्णय. भक्तनिवासाच्या इमारतींत करोना रुग्णांसाठी खाटा. जिथं यात्रेकरू उतरायचे तिथं रुग्ण. पुन्हा तीच किल्ली!

16 नोव्हेंबर 2020 ला, दिवाळी पाडव्याला, दार उघडलं. 5 एप्रिल 2021 ला पुन्हा बंद. 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडलं. या वेळी रोज फक्त 15 हजार भक्त. ऑनलाइन पास, ठरलेली वेळ, दहा वर्षांखालच्या मुलांना आणि 65 वर्षांवरच्यांना प्रवेश नाही. रांग हीच ज्या देवस्थानाची ओळख, तिथं रांगेलाच वेळापत्रक आलं. श्रद्धा आणि सबुरीला तिसरा जोडीदार मिळाला, स्लॉट!

जाता जाता एक तडका: शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर 2009 पासून 73 मोठ्या सौर तबकड्या आहेत. सूर्यावर वाफ, वाफेवर भात! गॅसचा भाव वर जावो की खाली, भाताचं काम सूर्याकडे. इंधनाची जोखीम कमी करायचा हा मार्ग करोनाच्या कितीतरी आधीचा.

खटाखट नियम, फटाफट धंदा

आता थोडी रॅपिड फायर. बेल्ट बांधा!

राज्याचं टप्प्याटप्प्यानं निर्बंध उठवायचं 'मिशन बिगिन अगेन' आठवतं? जून 2020 मध्ये दुकानं सम-विषम झाली. आज रस्त्याची डावी बाजू उघडी, उद्या उजवी. कापडबाजारात साडी एका बाजूला आणि मॅचिंग ब्लाउजपीस समोरच्या बाजूला मिळत असेल, तर खरेदीला दोन दिवस!

28 जूनला सलून उघडली. केस कापायला परवानगी, दाढीला मनाई. अर्धं दुकान चालू, अर्धं बंद, एकाच खुर्चीवर.

मग दुसरी लाट, एप्रिल 2021. किराणा सकाळी 7 ते 11. चार तासांत दिवसाचा गल्ला.

आणि लग्न? 25 माणसं, दोन तास, एकच सोहळा. नियम मोडला तर 50 हजारांचा दंड. मंगलाष्टकं उरकेपर्यंत घड्याळाकडे डोळे. मंगल कार्यालयवाले, आचारी, मंडपवाले, बँडवाले यांचा अख्खा सीझन यात गेला. सलग दोन उन्हाळे. ट्रम्पेटला दुसरा उपयोग नसतो. बँडवाल्यांचे ते दोन उन्हाळे कसे गेले, याची मोजदाद कुणी नीट केलीच नाही, आणि ती व्हायला हवी होती.

मोबाइलचं ऐका. एप्रिल 2020 मध्ये देशातले यूपीआय व्यवहार घसरून 100 कोटींच्या किंचित खाली आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात? 200 कोटींच्या वर! सहा महिन्यांत दुप्पट. नोटेला हात लावायची भीती आणि भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड, दोघं हातात हात घालून आले.

चार फुटांचा बाप्पा

नगरच्या माळीवाड्यातला विशाल गणपती माहीत आहे ना? नावाप्रमाणेच विशाल, दहा फुटांहून उंच. त्या शहरात 2020 मध्ये नियम आला: सार्वजनिक गणेशमूर्ती जास्तीत जास्त चार फूट, घरची दोन फूट!

यातली खरी गोम मूर्तिकारांना विचारा. नगरमध्ये गणेशमूर्तींचे कारखाने बरेच आहेत आणि इथल्या मूर्ती दूरदूर जातात. हे काम श्रावणात सुरू होत नाही. साचे, माल, कारागीर यांची जुळवाजुळव महिनोन्‌महिने आधी. उंचीचा नियम मात्र आला जुलैत, गणपती ऑगस्टमध्ये. मोठ्या मूर्तींत गुंतलेला पैसा जागच्या जागी उभा. ज्यांच्याकडे छोट्या मूर्तींचे साचे होते, त्यांनी घरगुती गिऱ्हाईक धरलं आणि निभावलं.

रसवंती, कानिफनाथ आणि गाढवं

महाराष्ट्रात कुठंही जा, रसवंतीगृहावर पाटी दिसते: कानिफनाथ किंवा नवनाथ. त्या कानिफनाथांची समाधी कुठं? मढीला, पाथर्डी तालुक्यात! तिथली यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि यात्रेत भरतो चक्क गाढवांचा बाजार. दूरदूरचे व्यापारी येतात, दात बघून सौदे होतात.

2020 चा गुढीपाडवा कधी होता? 25 मार्च. म्हणजे देशव्यापी लॉकडाऊनचा पहिला दिवस! सोनं, गाडी, घर, सगळ्या मुहूर्तांचा बाजार त्या दिवशी शांत. आणि रसवंतीवाल्यांचा हंगाम असतो मार्च ते मे. वर्षभराची कमाई त्या तीन महिन्यांत. रसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज बंद म्हणजे पुढच्या पावसाळ्याची शाळेची फी बंद. बर्फ, लिंबू, आलं विकणारे मागोमाग बसले.

बघा, ऊस तोच. कारखान्याच्या दारातला ऊस सॅनिटायझर झाला, रसवंतीच्या दारातला वाळून गेला.

कोयता थांबतो कुठं?

आता जरा आवाज खाली आणू. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारचा बीड जिल्हा, इथून लाखो ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. लॉकडाऊन लागला तेव्हा हंगाम संपत आला होता आणि माणसं अजून फडांवर, पाचटाच्या कोप्यांत, लेकरं-बैलांसह. घर दिसतंय पण जिल्ह्याची सीमा बंद. कारखान्यांना त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करायला सांगितलं गेलं. 17 एप्रिल 2020 ला राज्य सरकारनं त्यांना तपासणी करून गावी जाऊ द्यायचं ठरवलं. अडकलेल्यांची संख्या लाखाच्या वर होती.

कारखान्यांच्या ताळेबंदात साखरेच्या साठ्याचा विमा असतो, यंत्रांचा असतो. कोयत्याच्या जोडीचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोचा हिशेब मुकादमाच्या वहीत, उचलीच्या म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेसह. साथीनं ही वही सगळ्यांसमोर उघडली एवढं खरं.

तिकडे संगमनेर आणि नगरच्या विडी कामगार बायकांचं वेगळंच. माहीत आहे का, 'वर्क फ्रॉम होम' त्या पिढ्यान्‌पिढ्या करतायत! पानं-तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी बसून विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या. पण लॉकडाऊनमध्ये पानंच मिळेनात. लॅपटॉपवाल्यांचं घरून काम सुरू झालं, आणि ज्यांचं कायमच घरून होतं त्यांचं बंद पडलं.

पाण्याचं बजेट, बियाण्यांची बँक

चला, मूड बदलू. हिवरे बाजार! पोपटराव पवारांचं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, त्यावरून पिकं ठरतात. ऊस-केळीला गावात बंदी. म्हणजे धोका दारात यायच्या आधीच त्याला मोजून ठेवायची सवय. करोनाच्या दुसऱ्या लाटेत याच शिस्तीनं घरोघर तपासणी, विलगीकरण झालं आणि मे 2021 मध्ये गाव करोनामुक्त झालं. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी पोपटरावांशी संवाद साधला, आणि 2 जूनला राज्यानं करोनामुक्त गावांची स्पर्धाच जाहीर केली. पहिलं बक्षीस 50 लाख!

आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे? देशी वाणांची बियाणं जपणारी त्यांची बँक. एक वाण गेलं तर दुसरं हाताशी असतं. एकाच पिकावर, एकाच वाणावर सगळं न लावणं, हे त्यांनी शेअर बाजाराचं तोंडही न बघता केलं. पोपटराव आणि राहीबाई, दोघांनाही जानेवारी 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. प्रत्यक्ष हातात पडली नोव्हेंबर 2021 मध्ये. करोनानं पुरस्कारांनाही क्वारंटाइन केलं!

विम्बल्डनची छत्री

विम्याचं एक भन्नाट उदाहरण सांगतो. सार्सच्या साथीनंतर विम्बल्डनच्या आयोजकांनी महामारीचा विमा काढला. सतरा वर्षं हप्ते भरले, वर्षाला साधारण वीस लाख डॉलर. 2020 मध्ये स्पर्धा रद्द झाली आणि भरपाई मिळाली सुमारे 14 कोटी डॉलर, अशा बातम्या जगभर झळकल्या. गेम, सेट, क्लेम!

आणि आपल्याकडे? 10 जुलै 2020 ला 'कोरोना कवच' पॉलिसी आली, पण ती आजाराच्या खर्चाची. बंद दुकानाच्या बुडालेल्या गल्ल्याचं कवच चौकातल्या कुठल्याच टपरीकडे नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली, पण व्याज चढतच राहिलं. जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी 'पीएम स्वनिधी' आली: 10 हजारांचं कर्ज, तारण नाही. पुन्हा गाडा लावायला, माल भरायला ती रक्कम अनेकांच्या कामी आली.

शेतमालाला रेल्वे मिळाली. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून बिहारकडे देशातली पहिली किसान रेल सुटली, आणि थोड्याच दिवसांत सांगोल्याहून मनमाडकडे जाणारी तिची जोडगाडी नगर, बेलापूर, कोपरगाव अशी धावू लागली. डाळिंबं बिहारला निघाली! पण कांदा? 14 सप्टेंबरला निर्यातबंदी आली, ती 1 जानेवारी 2021 ला उठली. विषाणूपासून वाचलेला कांदा अधिसूचनेत सापडला. नगर-पारनेर-राहुरीच्या शेतकऱ्याला या धोक्याची लस अजून मिळायचीय.

पाडवा ते पाडवा

ऑक्टोबर 2021 चा एक विचित्र योगायोग. राज्य उघडत होतं. नगर जिल्ह्यात मात्र 4 ते 13 ऑक्टोबर दरम्यान 61 गावांत कडक लॉकडाऊन, कारण तिथं रुग्ण कमी होत नव्हते. आणि त्याच दहा दिवसांच्या मधोमध, 7 तारखेला, शिर्डीचं मंदिर उघडलं. एकाच जिल्ह्यात एका गावाचं शटर वर, दुसऱ्याचं खाली!

शेवटचे निर्बंध राज्यानं 31 मार्च 2022 ला उठवायचं जाहीर केलं. पाडवा होता 2 एप्रिलला. 2020 च्या पाडव्याला देश बंद, 2022 च्या पाडव्याला राज्य खुलं. कॅलेंडर छापणाऱ्यालाही हे जुळवता आलं नसतं.

पण माहीत आहे का, एक नियम पाडव्यानंतरही टिकला? शिर्डीच्या मंदिरात हार-फुलं न्यायची मनाई! करोनामुळे आलेली ही बंदी करोना ओसरल्यावरही राहिली. परिसरातल्या गुलाब उत्पादकांचं आणि फूलविक्रेत्यांचं गणित तिच्यावर अडलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये आंदोलन झालं, पोलिसांशी झटापट झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. 2024 च्या अखेरीस फुलं पुन्हा आत जाऊ लागली, पण नव्या पद्धतीनं: संस्थानच्या कर्मचाऱ्यांची पतसंस्था शेतकऱ्यांकडून थेट फुलं घेऊ लागली आणि ठरलेल्या दरानं भक्तांना विकू लागली. मधल्या अडत्याचा धंदा त्यात आटला, भक्ताची लूट थांबली आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, तेही 1923 साली लोणीत निघालेल्या त्या पतपेढीच्याच जातकुळीतल्या संस्थेकडून.